गाडी नंतर घ्या, आधी कॉल मिळवा

या वेळचं पत्र थोडं आटोपशीर करून देत आहे.

"आमच्या इमारतीतले एक काका जिन्यात कोसळले. अँब्युलन्सला फोन लगेच गेला, पण ती पोचायला वीस मिनिटं लागली. तेवढा वेळ आम्ही दहा-बारा जण त्यांच्याभोवती नुसते उभे. कुणी तोंडावर पाणी मारलं, कुणी तळपाय चोळले. काका गेले. त्यानंतर आम्ही आपत्कालीन वैद्यकीय मदतीसाठी स्वयंसेवकांची संस्था काढायचं ठरवलं. आज आम्ही २८ जण आहोत, सगळे कामधंदा सांभाळून आठवड्याला सहा-सहा तास द्यायला तयार. एक सद्गृहस्थ नवी कोरी अँब्युलन्स द्यायला निघालेत. अट एवढीच, की गाडीवर त्यांच्या वडिलांचं नाव हवं आणि तीन महिन्यांत ती रस्त्यावर आली पाहिजे. आमच्यातला एकजण अ‍ॅप बनवतोय. आता गाडी आधी घ्यावी की नोंदणी आधी करावी? काहीजण म्हणतात, चालून आलेल्या लक्ष्मीला नाही म्हणू नये. शिवाय युनिफॉर्म कसा असावा यावरून आमच्यात चक्क भांडणं झाली आहेत, त्याबद्दलही लिहा. – २८ जणांच्या वतीनं एक."

गाडी घेऊ नका. निदान आत्ता नको. लक्ष्मीचा मान राखून सांगतो, ही लक्ष्मी येताना हत्ती घेऊन आली आहे आणि त्याचा चारा तुम्हाला घालायचा आहे.

तुमच्याच पत्रातले आकडे घ्या. आठवड्यात १६८ तास असतात. २८ जण गुणिले सहा तास म्हणजे बरोबर १६८. म्हणजे तुमची अख्खी संस्था, कुणी आजारी पडलं नाही, कुणाची परीक्षा आली नाही, रात्री दोन ते पहाटे सहाची पाळी घ्यायला कुणी कुरकुरलं नाही, तर अँब्युलन्समधली एक सीट चोवीस तास भरू शकते. एकच. गाडीत कमीत कमी दोघं लागतात: एक चालवायला, एक मागे पेशंटपाशी. चालत्या गाडीत सीपीआर (हृदय थांबलेल्या माणसाची छाती दाबत राहणं) देत न्यायची वेळ आली तर दोघांनीही भागत नाही. म्हणजे गाडी अर्धा आठवडा उभी राहणार. आणि आज ती चालू आहे की बंद, हे फोन करणाऱ्याला कसं कळायचं? लोक एकदा फोन करतील, कुणी उचलणार नाही, आणि तुमचं नाव कायमचं पुसलं जाईल. इंधन, विमा, टायर, ऑक्सिजन, पार्किंग, रक्त-उलटी झाल्यावर गाडी धुऊन निर्जंतुक करणं, हे सगळं तर मी अजून धरलेलंच नाही. देणगीदार गाडी देतात. दुसऱ्या वर्षाचा खर्च सहसा कुणी देत नाही, कारण दुसऱ्या वर्षावर नाव रंगवता येत नाही.

पैशांपेक्षाही मोठं कारण वेगळं आहे. काकांना नेमकं काय झालं हे पत्रावरून मला सांगता येणार नाही. पण हृदय बंद पडलं असेल, तर सीपीआरविना गेलेल्या प्रत्येक मिनिटाला वाचण्याची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते. चार-सहा मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते. वीस मिनिटांच्या जागी तुमची गाडी बारा मिनिटांत पोचली असती, तरी हाती फारसं काही लागलं नसतं. लागलं असतं ते शेजारच्या जिन्यातून धावत आलेल्या माणसाच्या हातून. अमेरिकेतल्या कॅसिनोंमधल्या सुरक्षारक्षकांना सीपीआर आणि एईडी (हृदयाला विजेचा झटका देणारं, कुणालाही वापरता येईल असं यंत्र) वापरायला शिकवून केलेला एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. लोकांच्या डोळ्यांदेखत कोसळलेले आणि विजेच्या झटक्यानं हृदयाचा ताल परत येऊ शकेल असे जे रुग्ण होते, त्यांतल्या ज्यांना तीन मिनिटांच्या आत झटका मिळाला त्यांतले ७४ टक्के वाचून घरी गेले. त्यानंतर मिळाला त्यांतले ४९ टक्के. झटका देणारे रखवालदार होते. कुणी गाडी घेऊन आलं नव्हतं.

तेव्हा तुम्ही चालवणार आहात ती वाहतूक सेवा नाही. अँब्युलन्स येईपर्यंतची मिनिटं भरून काढायला तुम्ही निघाला आहात. पेशंटला हॉस्पिटलला नेणारे दुसरे आहेत, त्यांना नेऊ द्या.

आता खरा प्रश्न, जो तुमच्या पत्रात कुठेच नाही: शेजारच्या जिन्यातल्या त्या माणसाला कळणार कसं?

अ‍ॅप, असं तुम्ही म्हणाल. पण अ‍ॅप कॉल तयार करत नाही, आलेला कॉल फक्त पुढे पोचवतं. कॉल येतो तो सरकारी आपत्कालीन नंबरवर, नियंत्रण कक्षात. तिथून तो तुमच्याकडे वळवला जात नाही तोवर तुमचं अ‍ॅप म्हणजे २८ फोनमधलं एक चित्र. ब्रिटनमध्ये सुरू झालेलं गुडसॅम किंवा अमेरिकेतलं पल्सपॉइंट ही अ‍ॅप चालतात, कारण ती नियंत्रण कक्षांना जोडलेली आहेत. स्टॉकहोममध्ये याची रीतसर चाचणी झाली, निष्कर्ष २०१५ साली छापून आले. हृदय बंद पडल्याचा कॉल आला की जवळपास ५०० मीटरच्या आत असलेल्या प्रशिक्षित स्वयंसेवकांना मोबाइलवर संदेश जायचा. जिथं संदेश गेला तिथं अँब्युलन्स पोचण्याआधी ६२ टक्के रुग्णांना सीपीआर मिळाला, जिथं गेला नाही तिथं ४८ टक्क्यांना. महिन्याभरानंतर जिवंत असलेल्यांच्या आकड्यात मात्र ठामपणे सांगावा इतका फरक दिसला नाही. हेही सांगून ठेवतो, नाहीतर उद्या माहितीपत्रकात तुम्ही भलतंच काही छापाल.

स्वतःचा वेगळा हेल्पलाइन नंबर काढायचा मोह तर हमखास होणार. नका काढू. घाबरलेला माणूस एकच फोन नीट करू शकतो. तो तुम्हाला केला आणि तुमचा माणूस त्या वेळी मीटिंगमध्ये असला, तर अँब्युलन्सला फोन जायलाच उशीर होतो, म्हणजे तुमच्यामुळे परिस्थिती बिघडते. शिवाय अनेक नियंत्रण कक्षांत फोनवरून "छातीच्या मधोमध हात ठेवा, जोरात दाबा" असं सांगणारी माणसं बसलेली असतात. तीही मदत हुकते.

इस्रायलच्या युनायटेड हत्झलाचं उदाहरण तुमच्या गटात कुणीतरी दिलंच असेल. हजारो स्वयंसेवक, मोटरसायकलवर औषधोपचाराचं सामान, अँब्युलन्सच्या आधी पोचणारे. त्याचे संस्थापक एली बीअर यांनी स्वतः जाहीर भाषणात सांगितलंय, की पोरवयात त्यांनी अँब्युलन्स कंपनीच्या व्यवस्थापकाकडे कॉलची माहिती मागितली तेव्हा त्यांना उडवून लावलं गेलं, मग त्यांनी आणि मित्रांनी पोलिसांचा वायरलेस ऐकणारे स्कॅनर घेतले. संस्था त्या नावानं उभी राहिली २००६ साली. ही गोष्ट ऐकून लोकांना मोटरसायकल आठवते. मला स्कॅनर आठवतो. त्यांनीही सगळ्यात आधी मिळवला तो कॉल. (तुम्ही स्कॅनर घेऊ नका. पुष्कळ ठिकाणी तो गुन्हा आहे, आणि आता त्याची गरजही नाही.)

तर नियंत्रण कक्षाच्या प्रमुखांना भेटा आणि एका पानापेक्षा जास्त कागद नेऊ नका. तुमचा परिसर नकाशावर आखलेला असू द्या, आणि तो लहान असू द्या: चालत किंवा सायकलनं चार-पाच मिनिटांत टोकाला पोचता येईल एवढाच. कोणत्या कॉलला जाणार ते लिहा. सुरुवातीला हृदय बंद पडणं, घशात घास अडकणं, जोराचा रक्तस्राव आणि बेशुद्धी, एवढं पुरे. कुठे जाणार नाही हेही तितक्याच ठळकपणे लिहा: मारामारी, आग, गॅसगळती, जिथं पोलीस किंवा अग्निशमन दलानं आधी जायला हवं ते सगळं. ते तीन गोष्टी विचारतील. चुकलं तर जबाबदार कोण, या क्षणी तुमच्यातलं कोण उपलब्ध आहे हे आम्हाला कसं दिसणार, आणि तुम्हाला शिकवलं कुणी. या तिन्हींची उत्तरं तयार नसतील तर भेट पुढे ढकला.

बहुतेक पहिल्या भेटीत नकारच येईल. तो मनाला लावून घेऊ नका. त्यांच्या जागी बसून बघा: दर महिन्याला कुणीतरी उत्साही मंडळी येतात आणि वर्षाभरात गायब होतात. तोवर परिसरातल्या रखवालदारांना, शिक्षकांना, दुकानदारांना सीपीआर शिकवा. एईडी कुठेकुठे आहेत आणि रात्री कुठल्या कुलपामागे असतात याची यादी करा. शर्यती, मेळावे अशा ठिकाणी अधिकृत अँब्युलन्स सेवेच्या हाताखाली काम करायची परवानगी मागा. त्यांच्या पॅरामेडिकनं (अँब्युलन्समधल्या प्रशिक्षित उपचारकानं) तुम्हाला तीन-चारदा काम करताना पाहिलं, की पुढची भेट वेगळी होते.

व्यवस्थेशी नातं जोडताना डोळे मात्र उघडे ठेवा. अमेरिकेत पिट्सबर्गच्या हिल डिस्ट्रिक्ट या कृष्णवर्णीय वस्तीत १९६७ साली फ्रीडम हाउस अँब्युलन्स सेवा सुरू झाली. त्या काळी तिथं आजाऱ्याला न्यायला पोलिसांची गाडी यायची आणि मागे उपचार करायला कुणी नसायचं. सीपीआरचे एक जनक डॉ. पीटर साफर यांनी वस्तीतल्या बेरोजगार माणसांना असं कसून शिकवलं, की देशातल्या पहिल्या पॅरामेडिकांत त्यांची गणना होते. पुढे डॉ. नॅन्सी कॅरोलाइन त्यांच्या वैद्यकीय संचालक झाल्या. आणि १९७५ साली शहरानं स्वतःची सेवा काढून ही बंद केली. जुन्यांपैकी अनेकजण नव्या सेवेत टिकले नाहीत. काम उत्तम असलं की करार आपोआप टिकतो, असं नसतं. तेव्हा जे काही ठरेल ते कागदावर आणा: कॉल किती काळ मिळणार, बंद करायचे तर किती आधी कळवायचं, माहिती कुणाच्या मालकीची.

"शिकवलं कुणी" या प्रश्नाचं उत्तर म्हणजे तुमचा वैद्यकीय संचालक. आपत्कालीन विभागात रोज काम करणारा डॉक्टर शोधा. मोठं नाव नको, फोन उचलणारा हवा. स्वयंसेवकानं काय करायचं, काय करायचं नाही, कुठलं औषध हातात घ्यायचंच नाही, हे तो लिहून सही करून देईल. प्रत्येक कॉलची नोंद वाचून "इथं उशीर का झाला" असं विचारील. नुसतं लेटरहेडवर नाव द्यायला तयार असलेले डॉक्टर खूप भेटतील, त्यांना चहा पाजा आणि पुढे जा.

प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र ही सुरुवात आहे. सीपीआरचं कौशल्य तीन ते सहा महिन्यांत उतरायला लागतं, हे अनेकदा दिसून आलंय. वर्षातून एकदा दिवसभराचं शिबिर घेण्यापेक्षा दर महिन्याला वीस मिनिटं पुतळ्यावर सराव केलेला बरा: मिनिटाला १०० ते १२० दाब, पाच ते सहा सेंटिमीटर खोल, आणि दर वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची. दमलेला माणूस नेमकं हे शेवटचं विसरतो. दोन मिनिटांनी हात बदलायचा, अदलाबदल करताना दाब थांबू द्यायचे नाहीत, हे जोडीनंच शिकावं लागतं.

आणि एक गोष्ट प्रत्येकाला दाखवा, सांगून भागत नाही. हृदय थांबलेला माणूस पहिली काही मिनिटं मधूनच तोंड उघडून आचका देतो, पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखा. घोरल्यासारखा आवाज येतो, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा एक. भोवतालचे म्हणतात, "श्वास चालू आहे, हात लावू नका." तो श्वास नव्हे. हाकेला ओ देत नाही आणि श्वास नेहमीसारखा नाही, तर दाब सुरू करायचे. याचे व्हिडिओ प्रशिक्षणासाठी उपलब्ध आहेत. ते पुन्हा पुन्हा बघायला लावा, कारण प्रत्यक्षात पहिल्यांदा बघणारा हमखास थबकतो.

बॅगेचं सांगतो, कारण संस्थांची खरी परीक्षा तिथं होते. हातमोजे, अंबू बॅग (हातानं दाबून श्वास द्यायची पिशवी) आणि तिचे दोन मापांचे मास्क, टूर्निके (रक्तस्राव थांबवायला हातापायाला आवळायचा पट्टा), जखमेत दाबून भरायचं गॉझ, कात्री, एईडी. एईडीच्या पॅडांना, म्हणजे छातीवर चिकटवायच्या पट्ट्यांना, मुदत असते आणि बॅटरीलाही. पाकीट उघडून बघितलं की चिकटपणा जातो, म्हणून तारीख बाहेरूनच वाचायची. एईडीच्या पिशवीत छोटी कात्री, टॉवेल आणि वस्तरा ठेवायचा, कारण ओल्या किंवा फार केसाळ छातीवर पॅड नीट चिकटत नाही. दर आठवड्याला कुणी तपासलं त्याची सही हवी. सही नसेल तर तपासलं नाही असंच धरायचं. हे काम कंटाळवाणं आहे आणि गटातले सगळ्यात उत्साही लोक ते करत नाहीत. जो न सांगता करतो त्याला सामानाचा प्रमुख करा.

नोंदणीचं थोडक्यात. करा, आणि लवकर करा, कारण नोंदणीशिवाय बँक खातं, विमा, करार यातलं काहीच धड होत नाही. कारभारी मंडळात सगळेच धावणारे नकोत. एक हिशेब ठेवणारा, एक कायदा जाणणारा आणि एक तुम्हाला "नाही" म्हणू शकणारा असावा. प्रामाणिकपणे मदत करणाऱ्याला संरक्षण देणारा कायदा बऱ्याच ठिकाणी आहे. पण रस्त्यात सहज थांबून मदत करणारा आणि संस्थेनं ड्युटीवर पाठवलेला स्वयंसेवक यांत फरक केला जाऊ शकतो. वकिलाला नेमकं हेच विचारा. स्वयंसेवकाला अपघात झाला तर त्याचा, आणि त्याच्या चुकीबद्दल कुणी दावा लावला तर त्याचा, असे दोन्ही विमे घ्या. सगळ्यांना हिपॅटायटिस बीची लस द्या. तिचे नेहमीचे तीन डोस सहा महिन्यांत विभागलेले असतात, तेव्हा आजच सुरू करा.

आता ते सद्गृहस्थ. त्यांना नकार देऊ नका, त्यांच्यापुढे दुसरा प्रस्ताव ठेवा. वडिलांचं नाव गाडीवर घालण्याऐवजी परिसरात बसवलेल्या प्रत्येक एईडीच्या पेटीवर घालता येईल. अँब्युलन्सच्या किमतीत अशा बऱ्याच पेट्या, सगळ्यांच्या बॅगा, पुतळे आणि तीन वर्षांचे पॅड-बॅटरी-विमा यांची सोय लागेल. हिशेबाचा कागद घेऊनच जा. तीन महिन्यांच्या अटीचंही उत्तर आहे: तीन महिन्यांत पहिल्या पेट्या भिंतीवर असतील, त्यांचं उद्घाटन करू. एवढ्यावरही ते गाडीवरच अडून बसले, तर ती आधीपासून अँब्युलन्स चालवणाऱ्या एखाद्या सेवेला द्यावी असं सुचवा. तिथून तुमची ओळखही वाढेल.

माणसांबद्दल शेवटी लिहितोय, पण खरं तर संस्था फुटतात त्या इथंच. भरती करताना प्रत्येकाला समोर बसवून सांगा, की हॉस्पिटलबाहेर हृदय बंद पडलेल्यांपैकी बहुतेकजण वाचत नाहीत. चांगल्या व्यवस्था असलेल्या देशांतही दहातला एखादा घरी परततो. तुम्ही सगळं बरोबर केलंत तरी माणूस जाईल, त्याची मुलगी शेजारीच उभी असेल, आणि अँब्युलन्स निघून गेल्यावर त्या घरातून बाहेर कसं पडायचं हे तुम्हाला कळणार नाही. हे ऐकून दोघं-तिघं गळतील, गळू देत. सायरन आणि दिवा कधी मिळणार असं पहिल्याच दिवशी विचारणाऱ्याला मी सहा महिने सामानाच्या खोलीत ठेवीन. पेशंटचा फोटो काढणाऱ्याला मात्र एकदाही माफ करू नये, मग तो ग्रुपवर टाकलेला असो वा नसो.

वाईट कॉलनंतर सगळ्यांना गोल बसवून प्रत्येकाला सक्तीनं बोलतं करायची पद्धत काही संस्थांत आहे. अशा एकाच बैठकीच्या सक्तीच्या पद्धतीनं फायदा होतो असं संशोधनात दिसलं नाही, आणि जागतिक आरोग्य संघटनाही ती सुचवत नाही. त्यापेक्षा त्याच रात्री घरी कसं जाणार एवढं विचारा, दुसऱ्या दिवशी फोन करा, आठवड्यानं पुन्हा करा. झोप लागत नाही, तेच तेच दिसतं असं कुणी म्हणालं तर कुणाकडे पाठवायचं त्या समुपदेशकाचं नाव आधीच ठरवून ठेवा. ज्याला बोलायचं नाही त्याला गप्प राहू द्या.

याच्या उलट, काही महिने कॉलच येणार नाहीत. लहान परिसरात असं होतं, आणि स्वयंसेवक वाईट कॉलपेक्षा रिकामेपणानं जास्त गळतात. मासिक सराव आणि शाळांतली शिकवणी याच काळात उपयोगी पडते.

"आम्ही इतके जीव वाचवले" असा फलक लावू नका. कोण कुणामुळे वाचलं हे तुम्हाला ठरवता येत नाही. कॉल लागल्यापासून पेशंटला हात लागेपर्यंत किती मिनिटं गेली ती मोजा, आणि नोंदीत कॉलची वेळ नियंत्रण कक्षाची घ्या, स्वतःच्या घड्याळाची नको. किती कॉलना कुणीच जाऊ शकलं नाही हेही लिहा. हा आकडा बघायला नको वाटतो, पण नवीन माणसं कुठल्या गल्लीत आणि कुठल्या वेळेला हवीत ते त्यावरूनच कळतं.

राहता राहिला युनिफॉर्म. पूर्ण पोशाख नकोच, माणूस घरातून आहे त्या कपड्यांवर धावणार आहे. अंगावर चढवता येईल असं बिनबाह्यांचं जॅकेट घ्या, रात्री चमकणाऱ्या पट्ट्यांचं. पोलिसांचा किंवा डॉक्टरचा भास होईल असा रंग आणि शब्द टाळा. पाठीवर मोठ्या अक्षरांत "प्रथमोपचार स्वयंसेवक", पुढे फोटोचं ओळखपत्र. अनोळखी माणसाला रात्री दार उघडायचं की नाही हे लोक त्यावरूनच ठरवतात. आणि शिवणाऱ्याला सांगून दोन्ही बाजूंना झाकणाचे खिसे लावून घ्या, हातमोजे बॅगेत असले की घाईत सापडत नाहीत.